मैनेचा उजवा कान

२ डिसेंबर, सोमवार

मीठ चाटणाऱ्या जिभांचा आवाज. पहाटे जाग आली ती त्यानंच. लहानपणी वेल्ह्याच्या वर डोंगरात आमची वस्ती होती. बाबा सपाट कातळावर खडे-मीठ पसरायचे आणि सगळी मेंढरं एकदम तोंड लावायची. खरखर, खरखर — कुणी दगड कानशीनं घासतंय असं वाटायचं. मी शेजारी बसून शाळेत शिकवलेली कविता म्हणायचो. मेंढरांना यमक कळतं, अशी माझी तेव्हा समजूत.

उठून पाहिलं तर मोरीतला नळ ठिबकत होता. त्याचा आवाज काही तसा नाही. मन कुठून कुठं जातं.

दिवसभर काही केलं नाही. दोनदा चहा. संध्याकाळी लक्षात आलं, सकाळपासून आपण एक शब्द बोललेलो नाही. भोरच्या स्टँडवर कंट्रोलर होतो तेव्हा हाच गळा दिवसभर माइकवर गाड्या पुकारायचा. महाड गाडी, वेल्हे गाडी — लोक म्हणायचे, नाना गाडी पुकारतात की कविता म्हणतात.


४ डिसेंबर, बुधवार

रक्तदाबाच्या गोळ्या आणायला मेडिकलमध्ये गेलो. काउंटरला शेफाली असते. आज काचेवर एक फोटो चिकटवलेला — तांबूस कुत्री, नजर कॅमेऱ्याकडं नाही, लांब रस्त्याकडं. खाली लिहिलेलं, 'हिला घर हवंय.'

विचारलं तेव्हा शेफाली सांगत बसली. "आमचा चार-पाच जणांचा ग्रुप आहे काका. जखमी, टाकून दिलेली कुत्री-मांजरं उचलून आणतो. कामथडीला एक रिकामी पोल्ट्री शेड मिळालीय, तिथं ठेवतो. ही भोंगवली फाट्याला सापडली. किती दिवस एकाच जागी बसून होती. कुणी भाकरी टाकली की खायची, पण जागा सोडायची नाही. गाडीतनं आणून सोडली असणार कुणीतरी. लोक सोडतात हो."

माझ्यासारख्या म्हाताऱ्याला देता का, विचारलं.

"बघू या," म्हणाली.

बघू या म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. जादा गाडी सुटणार का, असं लोकांनी विचारलं की मीही तेच म्हणायचो.


६ डिसेंबर, शुक्रवार

शेफालीचा फोन. ग्रुपचा टेम्पो नागसेन चालवतो, तो आज चैत्यभूमीला गेलाय. रविवारी घर बघायला येतील. कुत्रीला घेऊनच.

घर बघायला! बायको गेली, सारजा, तेव्हापासून हे घर बघायला कुणी आलेलं नाही. झाडून घेतलं. कंबर धरली.


८ डिसेंबर, रविवार

आली.

शेफाली आणि नागसेन. दोघांनी फाटक बघितलं, मागचं अंगण बघितलं, पाणी कुठं ठेवणार विचारलं. मग शेफालीनं, चहात साखर किती असं विचारावं तितक्या सहज विचारलं, "काका, तुम्हाला काही झालं तर हिला कोण बघेल?"

मुलाचं, पप्पूचं, नाव सांगावं तर तो पिंपरीत, चौथ्या मजल्यावर. तेवढ्यात शेजारची छाया कुंपणावरून म्हणाली, "माजं नाव लिवा. पर आदीच सांगून ठिवते, म्या फकस्त भाकर टाकीन. आंगुळ-बिंगुळ न्हाई घालायची."

नागसेन म्हणाला, "ताई, कुत्र्याला रोज आंघोळ नसतीच."

"मग बरं हाय. नानांस्नी बी नसती."

सगळे हसले. मीसुद्धा. किती दिवसांनी.

शेफालीनं कुत्रीचा उजवा कान उलटा करून दाखवला. टोकाला खाच, तिच्याशेजारी आणखी एक. "नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या कुत्र्याच्या कानाला अशी खूण करतात. म्हणजे पिल्लांची काळजी नको. आम्ही डाव्या कानाला करतो, हे दुसऱ्या कुणा ग्रुपनं केलेलं असणार. आणि पोट सुटलंय ते जंतांनी. औषध दिलंय."

मी मान डोलावली. शिकलेली मुलं, त्यांचं ऐकावं.

ती गेल्यावर कुत्रीला आत बोलावलं. आली नाही. उंबऱ्याच्या बाहेर, माझ्याकडं पाठ करून बसली. तोंड गल्लीकडं.


९ डिसेंबर, सोमवार

नाव मैना ठेवलं. छाया म्हणते, "कुत्रीला पाकराचं नाव. उद्या मांजर आनलं तर त्येला म्हैस म्हना."


१२ डिसेंबर, गुरुवार

मैना आत येतच नाही. गोणपाट घातलं, वर सारजाची जुनी वाकळ घातली. वास घेऊन परत बाहेर. मार खाल्लेला असेल, म्हणून घराला भिते, असं शेफाली फोनवर म्हणाली. वेळ द्या काका. वेळ तर आहेच. दुसरं आहे काय.

मग मीच उंबऱ्यावर बसतो. आज तिसरीच्या पुस्तकातली पावश्या पक्ष्याची कविता म्हटली. मधली दोन कडवी आठवेनात, तिथं नुसतं गुणगुणलो. ती पाठ करूनच बसली होती, पण एक कान माझ्याकडं वळवला होता. खाचा पडलेला.

गळा बसलाय. बोलून बसलाय, हे विशेष.


१५ डिसेंबर, रविवार

सोमनाथ तक्रार घेऊन आला. गल्लीच्या तोंडाशी त्याची शेरडं असतात. "नाना, तुमच्या कुत्रीनं माजी समदी शेरडं भितीला लावून हुबी केली. एक हलू दीना. चावली न्हाई, भुकली बी न्हाई. नुसती फिरती चहूकडनं. शेरडं निस्ती उन्हात हुबी, शाळंत शिक्षा केल्यावानी!"

मला कौतुकच वाटलं. त्याला चहा पाजला. मग दुपारी झोपलो.

आता लिहिताना वाटतंय, यात काहीतरी कळण्यासारखं आहे. पण मी मूळचाच असा. नजरेपुढं असतं ते दिसत नाही, लांबचं दिसतं.


१९ डिसेंबर, गुरुवार

दुपारी डोळा लागलेला. खाटेखाली काहीतरी कुईकुई. वाकून बघितलं — मैना आत. पहिल्यांदाच घरात! आणि तिच्या पोटाशी ओली, उंदराएवढी, आंधळी —

छायाला हाक मारली. ती पदर खोचत आली, खाली वाकली आणि म्हणाली, "जंत भायेर पडलं बगा. चार."

शेफालीला फोन केला. उद्याच येते, म्हणाली.


२० डिसेंबर, शुक्रवार

शेफाली येऊन गेली. बिचारी रडवेली झालेली. "आमचं चुकलं काका. कान बघितला आणि पुढं काही बघितलंच नाही. कान कापलेला म्हणजे ऑपरेशन झालेलं, हे इतकं डोक्यात बसलंय ना." पिल्लांना घरं शोधायची जबाबदारी आमची, म्हणाली. खिमट करून घालायला शिकवलं. छाया म्हणाली, "बाई, चार लेकरं काडली म्या, मला शिकवती."

ती गेल्यावर ओसरीत बसलो होतो. ऑपरेशन झालेलंच नव्हतं. मग कान कुणी कापला?

आणि मग आठवलं.

बाबा कोकरू गुडघ्यांत धरायचे. नव्या पात्यानं कानाला चीर. मी राखेची वाटी घेऊन शेजारी. चीर पडली की मी राख दाबायची. प्रत्येक घराची खूण वेगळी — आमची डावा कान, मधोमध. दोन कळप वाटेत एकमेकांत मिसळले की कानावरून आपली मेंढरं निवडायची. कळपाच्या कुत्र्याच्या कानालाही तीच खूण. आणि ही कुत्री कधी घरात शिरत नसत. त्यांची जागा बाहेर, कळपाकडं पाठ आणि रानाकडं तोंड.

राखेची वाटी मी धरत होतो आणि मलाच कळलं नाही.

मैना टाकलेली नाही. कुणाची तरी आहे. दिवाळी झाली की पूर्वेकडचे मेंढपाळ भोंगवलीवरून, भोरातून, वरंध घाट उतरून कोकणात जातात. त्यांच्यातून ही मागं राहिली. ते पावसाआधी परत येतील. याच रस्त्यानं.


२१ डिसेंबर, शनिवार

कुणाला सांगितलेलं नाही.


१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. एक पिल्लू गेलं. सगळ्यात लहान होतं. मैनेनं त्याला बराच वेळ चाटलं, मग सोडून दिलं. मागच्या अंगणात पुरलं. खड्डा खणायला सोमनाथ आला. तिळगूळ तसाच डब्यात.


१८ फेब्रुवारी, मंगळवार

पिल्लं गेली. एक भाटघरला, एका शेतावर राखण करायला. एक नागसेनच्या घरी. तिसरं शेफाली न्यायला आली तर पिल्लू सापडेना. छायाच्या स्वयंपाकघरात होतं, दूध पीत.

"उंदरं लई झाल्यात," छाया म्हणाली.

म्हटलं, उंदरांसाठी मांजर पाळतात.

"मांजर तुमी पाळा."

मैना दोन दिवस शोधत होती. मग छायाच्या दारातलं सापडलं, शांत झाली. आता ती आत येऊन उंबऱ्याला लागून बसते. आत, पण तोंड बाहेर.


११ मार्च, मंगळवार

शेफाली मैनेला कामथडीला घेऊन गेली होती. आता खरोखरचं ऑपरेशन झालं. आज आणून सोडली. डाव्या कानाला नवी खाच. टेम्पोतून उतरली, आणि थेट माझ्याकडं आली. माझ्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. नागसेन दुसरीकडं बघत राहिला.

एक कान त्यांचा, एक कान यांचा. माझी खूण कुठंच नाही.


१२ मार्च, बुधवार

आज शेफालीला सांगून टाकलं. मेंढपाळाची आहे, मे महिन्यात तो येईल.

ती म्हणाली, "काका, त्यानं शोधली का तिला? फाट्यावर कितीतरी दिवस होती. आता रीतसर तुम्ही दत्तक घेतलीय. ती लोकं उन्हातान्हात चालवतात. इथं सुखात आहे. गप्प बसा तुम्ही."

मला हेच कुणीतरी म्हणायला हवं होतं. म्हटल्यावर बरं वाटेल, असं वाटलं होतं.


२ एप्रिल, बुधवार

ऊन. पाय सुजलेत. मैनेला फिरवायला नेतो तो आता महाडच्या रस्त्यानं नाही, नदीकडं. उगीच कुणी बघायला नको. या वयात चोरासारखी वाट बदलून चालतोय.


६ मे, मंगळवार

पहिला कळप आला. आधी घंटा. मग धुळीचा तो वास — लोकर, ताक, घाम. मी उठून दार लावलं. कडी घातली. रेडिओ मोठा केला.

मैना भुंकली नाही. दारालाही धडकली नाही. उठून उभी राहिली. दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग परत दाराकडं. मग माझ्याकडंच बघत राहिली.

कळप गेला. संध्याकाळी भाकरी तशीच ठेवली तिनं. मीही जेवलो नाही.


७ मे, बुधवार

मी कुठल्या घरचा! बाबांचा कुत्रा एकदा वाईकडं कुणी अडवून ठेवला होता. बाबा दोन दिवस चालत गेले होते त्याला आणायला. त्या दोन दिवसांत आई चुलीपाशी बसून होती, भाकरी थापल्या नव्हत्या.


९ मे, शुक्रवार

दुसरा कळप. आज दार उघडं ठेवलं. मैनेच्या गळ्यात दोरी घातली आणि रस्त्यावर गेलो.

पुढं चालणाऱ्या गड्याला थांबवलं. कान दाखवला. त्यानं वाकून बघितला. "आमची न्हवं, नाना. उजव्या कानाला दोन खाचा म्हंजी सोनबाची. पर सोनबाची कुत्री तर बिबट्यानं नेली म्हनत्यात, जाताना, हितंच कुठं तरी. हीच व्हय?" मग हसला. "सोनबा लई खूश हुईल बगा. घाट उतरंस्तवर मागं बगत हुता गडी. असली राखनीची कुत्री मिळत न्हाई आता."

सोनबा कधी येईल, विचारलं.

"मागंच हाय की. चार-पाच दिसात."

पत्ता सांगितला. स्टँडच्या मागं, कंट्रोलर नाना म्हणून कुणालाही विचारा. माझाच गळा, गाडी पुकारल्यासारखा स्वच्छ. कुठून आला काय माहीत.

"निरोप दितो," म्हणाला. मैना त्याच्या मेंढरांमागं दोन पावलं गेली. दोरी ताणली गेली. मग थांबली, मागं वळली.

घरी येऊन खाटेवर पडलो. बरोबर केलं. बरोबर केलं की माणसाला इतकं थकायला होतं का?


१० मे, शनिवार

पप्पूचा फोन. छायानं कळवलेलं दिसतं. "तुम्हीच पत्ता दिलात? स्वतःहून? नाना, अहो त्याला कळलंसुद्धा नसतं."

म्हटलं, म्हणूनच.

"आता तुम्ही इकडं या राहायला. सुप्रियापण म्हणतेय. तिकडं काय आहे आता?"

सुप्रिया चांगली सून आहे. चौथ्या मजल्यावरून गल्ली दिसत नाही, एवढंच.


११ मे, रविवार

छाया बोलत नाही. सकाळी वाटीभर तूप कुंपणावरून ठेवलं आणि गेली. भाकरीत कालवून मैनेला घातलं. तिनं खाल्लं आणि वाटीही चाटली. छायाकडचं पिल्लू येऊन तिच्या शेपटाशी खेळत होतं. ते आता तिच्या निम्म्याहून मोठं झालंय.

संध्याकाळी उंबऱ्यावर दोघं. पहिली ते सातवी, आठवतील तेवढ्या कविता म्हटल्या. पाचवीची समुद्राची कविता म्हणताना लक्षात आलं — मी समुद्र कधी नीट बघितलाच नाही. मैनेनं बघितला असेल. कोकणात जाऊन आलेली आहे ती, किती तरी वेळा. मी तिला समुद्र समजावून सांगत होतो!


१२ मे, सोमवार

आला नाही.


१३ मे, मंगळवार

आजही नाही. चोवीस वेळा उठून फाटकापाशी गेलो असेन. यावा असंही वाटतं. एकदा सुटावं. येऊ नये असंही.

शेफाली दुकान बंद करून आली. म्हणाली, मी थांबते, त्याला सगळी कागदपत्रं दाखवते. मी तिला घरी पाठवलं. कागद दाखवून काय होणार. त्याचा कागद मैनेच्या कानावर आहे.

तिची वाकळ धुऊन वाळत घातली. सोबत देईन. तो हसेल. मेंढपाळाच्या कुत्रीला वाकळ.


१४ मे, बुधवार

सकाळी फाटक वाजलं. फेटा, काठी, तरणा गडी — मनाची तयारी केलेली. बघतो तर एक म्हातारी. चपला हातात, पदर डोक्यावर, एकटीच. मैना तिच्या पायांत जाऊन लोळली. म्हातारीनं खाली बसून आधी तिच्या पोटावरून हात फिरवला आणि माझ्याकडं न बघताच विचारलं, "मोकळी झाली न्हवं नीट? किती झाली?"

चार, म्हणालो.

"म्या सोनबाची आई, अंबूबाई. पोटुशी हुती, घाटात मेली असती. सोनबा काय थांबनार न्हवता. म्हून म्याच फाट्याला बस म्हनलं तिला. गाव जवळ, कोन तरी घर दील. लेकाला सांगितलं, बिबट्यानं नेली." मग उठली. गुडघ्यांवर हात देऊन, माझ्यासारखीच. "तुमचा निरोप सोनबाच्या आदी माज्या कानावं आला म्हून बरं. कळप दुसऱ्या रस्त्यानं लावलाय म्या फुडं, त्येला कायबी ठावं न्हाई." मैनेच्या डोक्यावर एकदा हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या हिला. आन आता कुनाला पत्ता दिऊ नगा."